लिनक्सच्या डाउनलोड पानाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान छोटं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी आहे, ते लोकांपर्यंत पोचवणाऱ्यांसाठी आहे, आणि 'लिनक्सचं तेवढं तू बघ' असं म्हणून ज्यांच्या गळ्यात हे काम घातलं गेलं त्यांच्यासाठी तर आहेच. मी एका छोट्या मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठीकरणाचं काम करते. मदतीसाठी पानावर जो फोन नंबर आहे तो माझा, त्यामुळे पान कुठे फसतं ते सगळ्यांत आधी मला कळतं. खालचे प्रश्न पान बनवणाऱ्यांचे आहेत. उत्तरं मात्र बरीचशी फोन करणाऱ्यांनी शिकवलेली आहेत. कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. तुमच्या पानावर ती अर्थातच रोमनमध्ये जातील.

आमच्या पानावर डेब, आरपीएम, ॲपइमेज, टारबॉल सगळं ठेवलंय. तरी लोक 'यातलं कुठलं घेऊ?' असं का विचारतात?

कारण ही फाइलींच्या प्रकारांची नावं आहेत. तुम्ही काय काय बनवलंय त्याची यादी लावली आहे, आणि त्यांना माझ्या मशीनवर काय चालेल ते हवंय. एसटीच्या पाटीवर गावाचं नाव असतं, इंजिनाचा नंबर नसतो.

विंडोजवाल्याला हा प्रश्न फारसा पडत नाही. एक फाइल, दोनदा क्लिक, 'नेक्स्ट, नेक्स्ट', संपलं. लिनक्स हे एकाच घराचं नाव वाटत असलं तरी आत वेगवेगळी बिऱ्हाडं आहेत. डेबियन १९९३ पासूनचं. त्याच्या पोटी २००४ मध्ये उबंटू आलं, उबंटूवरून लिनक्स मिंट आलं, आणि सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉसही डेबियनवरच बेतलेलं आहे. या सगळ्यांना डेब फाइल लागते. रेड हॅट, फेडोरा आणि ओपनसुसे यांना आरपीएम लागते. एका घरची फाइल दुसऱ्या घरी चालत नाही. हे तुम्हाला इतकं पाठ झालंय की पानावर लिहायचं राहून जातं.

मग बटणावर लिहायचं तरी काय?

आमच्या पानावर आधी इतर फाइलींबरोबर हे होतं:

प्रोग्राम_२.४.१_एएमडी६४.डेब
प्रोग्राम-२.४.१-१.एक्स८६_६४.आरपीएम
प्रोग्राम-२.४.१-एक्स८६_६४.ॲपइमेज
प्रोग्राम-२.४.१.टार.एक्सझेड

आता हे आहे:

उबंटू, लिनक्स मिंट, डेबियन किंवा बॉस वापरता? ही फाइल घ्या. इंटेल आणि एएमडी दोन्हीला चालते.
फेडोरा किंवा ओपनसुसे वापरता? ही घ्या.
यातलं काहीच नाही, किंवा नक्की माहीत नाही? इथे पाहा.

फाइलचं खरं नाव आणि आकार प्रत्येक ओळीखाली बारीक अक्षरात ठेवले आहेत. ते काढून टाकू नका. डाउनलोड झाल्यावर माणसाला त्याच्या फोल्डरमध्ये तेच नाव दिसणार असतं, आणि पानावरचं नाव तिथल्या नावाशी जुळलं की त्याला धीर येतो.

टारबॉल, म्हणजे मूळ कोडचा गठ्ठा, आम्ही त्या यादीतून उचलून 'स्वतः कंपाइल करणाऱ्यांसाठी' या वेगळ्या पानावर नेलं. ज्यांना ते लागतं ते शोधून काढतातच.

वाचकाला आपल्याकडे कुठलं लिनक्स आहे हेच माहीत नसेल तर?

नसतंच. निम्म्या फोनमध्ये मी 'कुठलं लिनक्स?' विचारते आणि उत्तर येतं, 'भाच्यानं टाकून दिलंय.' भाचा पुण्यात किंवा बंगळुरूला, मशीन गावी.

पानावर दोन गोष्टी ठेवा. पहिली, चिन्हं. उबंटूचं नारिंगी वर्तुळ, मिंटचं हिरवं चिन्ह, डेबियनचं लाल भोवऱ्यासारखं वळण, फेडोराचं निळं. मशीन चालू होताना किंवा मेन्यूच्या बटणावर यातलं काहीतरी माणसानं पाहिलेलं असतं. नाव आठवत नाही, पण चित्र आठवतं. दुसरी गोष्ट, कुठे पाहायचं याचा रस्ता: सेटिंग्जमध्ये शेवटी 'अबाउट' असतं (नव्या उबंटूत ते 'सिस्टिम'च्या आत), मिंटमध्ये मेन्यूत 'सिस्टिम इन्फॉर्मेशन' असतं. या दोन्ही पडद्यांचे फोटो लावा, आणि कुठली ओळ वाचायची तिला गोल करा. तोच पडदा पुढे प्रोसेसर आणि आवृत्तीसाठीही कामाला येतो.

ब्राउझरवरून वाचकाचं मशीन आपोआप ओळखून योग्य बटण दाखवता येत नाही का?

थोडंफार येतं. त्यावर विसंबून पान लिहिलंत तर मात्र तोंडावर आपटाल.

ब्राउझर साइटला आपली ओळख सांगतो त्यात 'लिनक्स' असा शब्द असतो, पण उबंटू की फेडोरा हे बहुतेक वेळा नसतं. म्हणजे नेमका जो प्रश्न सोडवायचा तो तसाच राहतो. प्रोसेसरचंही तसंच: क्रोम आता लिनक्सवर एकच ठरावीक वाक्य पाठवतो, प्रोसेसर कोणताही असो.

गंमत पुढे आहे. अँड्रॉइड फोनच्या ओळखीतही 'लिनक्स' हा शब्द असतो. आमच्या पानाचा पहिला कोड फक्त तो शब्द शोधायचा, आणि फोनवरून पान उघडणाऱ्या प्रत्येकाला डेब फाइल पुढे करायचा. कितीतरी लोकांनी ती फोनवर उतरवून घेतली आणि 'उघडत नाही' म्हणून कळवलं. आधी अँड्रॉइड तपासायचं, मग लिनक्स, हा क्रम त्यानंतर शिकलो.

शिवाय डाउनलोड करणारं मशीन आणि चालवणारं मशीन एकच असेल असं नाही. ऑफिसातल्या विंडोजवर फाइल उतरवायची, पेनड्राइव्हवर घालायची आणि घरच्या मिंटवर न्यायची, हे आपल्याकडे सर्रास चालतं. तेव्हा अंदाज दाखवा, पण 'दुसऱ्या मशीनसाठी हवंय?' ही ओळ त्याच्या शेजारी, डोळ्यांसमोर असू द्या.

एएमडी६४ हे तर सगळ्यांना कळतं ना?

नाही. माझ्या मते लिनक्सच्या डाउनलोड पानांवरचा सगळ्यांत घातकी शब्द हाच.

सांगलीकडून एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला होता. 'ताई, तुमच्या पानावर माझ्या मशीनसाठी काही नाहीच. सगळं एएमडीचं आहे. माझ्या लॅपटॉपवर इंटेलचं स्टिकर आहे.' मी म्हटलं, सर, मग तुम्ही काय घेतलंत? तर त्यांनी यादीतलं एआरएम६४ घेतलं होतं, ते वेगळ्याच जातीच्या प्रोसेसरचं. का? एएमडी आपलं नाही हे ठरलं, मग उरलं ते इंटेलचं असणार. हिशेब चोख होता, चूक आमच्या पानाची होती. इन्स्टॉल करताना 'आर्किटेक्चर चुकीचं' असा संदेश आला, आणि त्यांचा समज झाला की लॅपटॉपच जुना झाला.

'सर, एएमडी लिहिलंय ते तुमचंच,' मी म्हटलं.

'मग तसं लिहा की!'

नावाचा इतिहास सरळ आहे. आजच्या ६४ बिट पीसीची रचना एएमडीनं आणली, तिचा पहिला प्रोसेसर २००३ मध्ये आला. इंटेलनं पुढच्या वर्षी तीच वाट धरली. डेबियननं नाव ठेवलं एएमडी६४, आरपीएमच्या घरात तीच गोष्ट एक्स८६_६४, विंडोजवाले म्हणतात एक्स६४. तिन्ही एकच. एआरएमचीही तीच गत: डेबियनकडे एआरएम६४, दुसरीकडे एआर्च६४. एका पानावर चार ओळींत चार शब्द आणि अर्थ दोनच, तर नवख्या माणसानं करायचं काय?

आम्ही आता लिहितो: 'नेहमीचा लॅपटॉप किंवा पीसी, इंटेल किंवा एएमडी प्रोसेसर' आणि 'रास्पबेरी पाय किंवा एआरएम प्रोसेसरचं मशीन'. दुसरी ओळ मुद्दाम खाली आणि लहान आहे. दोन्ही पर्याय सारख्या आकारात शेजारी शेजारी ठेवले की लोकांना वाटतं, आता नाणं उडवायचं.

३२ बिटची फाइल ठेवावी का?

जुने, ३२ बिट पीसी वापरणारे खरोखर असतील आणि तुम्ही ती तपासत असाल तर ठेवा. क्रोमनं ३२ बिट लिनक्स २०१६ मध्ये सोडलं, उबंटूनं २०१९ मध्ये बहुतेक ३२ बिट पॅकेजं (बसवायच्या तयार फाइली) काढली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. शाळेच्या लॅबमध्ये जुनी यंत्रं अजून धुगधुगी धरून असतात, त्यांच्यासाठी जुन्या आवृत्तीचा दुवा वेगळा ठेवा. मुख्य यादीत नको.

ॲपइमेज सगळीकडे चालतं म्हणतात. फक्त तेच ठेवलं तर भानगडच नको, नाही का?

हा मोह मलाही झाला होता. एकच फाइल, इन्स्टॉल करायची नाही, उतरवा आणि चालवा. कृता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर लिनक्सवर तसंच मिळतं आणि छान चालतं. पण 'उतरवा आणि चालवा' यातल्या 'आणि' मध्ये दोन खड्डे आहेत.

पहिला, परवानगीचा. ब्राउझरनं उतरवलेली फाइल चालवण्याजोगी नसते. तिच्यावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे परवानग्या, आणि 'प्रोग्राम म्हणून चालू द्या' अशा अर्थाची खूण. हे न करता डबल-क्लिक केलं तर प्रोग्राम चालत नाही. काय चुकलं हे नीट सांगणारा संदेशही बऱ्याचदा येत नाही. लोक आठ-दहा वेळा क्लिक करतात आणि मग फोन करतात.

दुसरा खड्डा खोल आहे. बऱ्याच ॲपइमेज फाइलींना चालायला लिबफ्यूज२ नावाची लायब्ररी, म्हणजे मदतीचा तयार कोड, लागते. उबंटू २२.०४ पासून ती आधीपासून बसवलेली येत नाही. २४.०४ मध्ये तर पॅकेजचं नावच बदलून लिबफ्यूज२टी६४ झालं. आता नवखा माणूस 'फ्यूज लागतं' एवढं कुठेतरी वाचतो आणि नुसतं 'फ्यूज' नावाचं पॅकेज बसवतो. २२.०४ वर ते बसताना फ्यूज३ ला बाजूला सारतं आणि त्याबरोबर डेस्कटॉपचे भागही काढून टाकू शकतं. एका नोंदवहीच्या प्रोग्रामसाठी माणसाचा अख्खा डेस्कटॉप गेला तर तो पुन्हा तुमच्या पानाकडे फिरकेल का? तेव्हा पॅकेजचं पूर्ण नाव लिहा, आणि 'नुसतं फ्यूज बसवू नका' हे ठळक लिहा. त्याहून बरं म्हणजे ॲपइमेज बनवतानाच नवा रनटाइम (फाइल चालू करणारा भाग) वापरा, त्याला ही लायब्ररी लागत नाही. हे दुखणं वाचकाच्या गळ्यात मारण्यापेक्षा आपणच निस्तरलेलं बरं.

इलेक्ट्रॉनवर (वेबच्या तंत्रानं डेस्कटॉपचे प्रोग्राम बनवायच्या साधनावर) लिहिलेलं सॉफ्टवेअर असेल तर उबंटू २४.०४ वर सँडबॉक्सची, म्हणजे प्रोग्रामला कुंपणात ठेवणाऱ्या सुरक्षेची, आणखी एक अडचण येते, तेव्हा तिथे स्वतः चालवून पाहिल्याशिवाय 'सगळीकडे चालतं' असं लिहू नका.

फ्लॅटपॅक आणि स्नॅप, यांतलं कुठलं पुढे करावं?

दोन्ही म्हणजे वेगवेगळ्या लिनक्सवर एकाच पद्धतीनं प्रोग्राम बसवायच्या सोयी. त्यातली जी वाचकाच्या मशीनवर आधीपासून आहे ती. मिंटमध्ये १८.३ पासून फ्लॅटपॅक तयार असतं, आणि २०२० पासून स्नॅप मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. उबंटूत नेमकं उलट: स्नॅप तयार, फ्लॅटपॅक वेगळं बसवावं लागतं. फेडोरात फ्लॅटपॅक आहे. स्टीम डेकसारख्या हातात धरून खेळायच्या यंत्रावर तर फ्लॅटपॅकच सोयीचं, तिथे डेब आणि आरपीएम दोन्ही निरुपयोगी.

म्हणून 'फ्लॅटपॅक' असं बटण करण्यापेक्षा मिंटच्या माणसाला लिहा, 'सॉफ्टवेअर मॅनेजर उघडा, आमचं नाव शोधा, इन्स्टॉल दाबा'. त्याला फ्लॅटपॅक हा शब्दही कळायची गरज नाही. मात्र आकाराचं आधी सांगून ठेवा. पहिलं फ्लॅटपॅक बसवताना त्याच्याबरोबर सामायिक रनटाइम येतो, आणि तो शेकडो एमबीचा असतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसलेला माणूस वीस एमबीचा प्रोग्राम घ्यायला जातो आणि दिवसाचा डेटा संपतो. मग शिव्या आपल्यालाच.

फ्लॅटहबवर, म्हणजे फ्लॅटपॅकच्या भांडारात, तुमचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच कोणी चढवलेलं असू शकतं. ते तुमचं आहे की नाही हे पानावर स्पष्ट सांगा, आणि तुमचं असेल तर तिथली पडताळणीची खूण मिळवून घ्या.

'डेब फाइलवर डबल-क्लिक करा' एवढं लिहिलं की पुरे ना?

मिंटवर बहुतेक पुरतं. उबंटूवर भरवसा नाही. एप्रिल २०२४ मध्ये २४.०४ आलं तेव्हा त्याचं ॲप सेंटर उतरवलेली डेब फाइल बसवूच शकत नव्हतं. पुढच्या अपडेटमध्ये ते सुधारलं, पण त्या दिवसांत माझा फोन थांबत नव्हता. एक रस्ता बंद पडला तर दुसरा हाताशी हवा, आणि तो टर्मिनलचा, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीचा.

तिथली कमांड अशी: सुडो ॲप्ट इन्स्टॉल, मग टिंब आणि तिरकी रेघ, मग फाइलचं नाव. यातलं सुडो पासवर्ड विचारून मशीनच्या मालकाचे हक्क देतं, आणि ॲप्ट पॅकेज बसवतं. ते टिंब आणि ती रेघ विसरली की ॲप्टला वाटतं तुम्ही इंटरनेटवरचं पॅकेज मागताय, आणि ते 'सापडत नाही' म्हणतं. त्या बारीक टिंबानं मी कितीजणांना गारद होताना ऐकलंय! शिवाय टर्मिनल उघडतं होम फोल्डरमध्ये, फाइल असते डाउनलोड्समध्ये. म्हणून आधी 'सीडी डाउनलोड्स' ही ओळ द्या. किंवा फाइलच्या फोल्डरमध्ये रिकाम्या जागी उजवं क्लिक करून 'इथे टर्मिनल उघडा' हा पर्याय दाखवा. आमच्या अनुभवात तो जास्त जमतो.

जुन्या पानांवर डीपीकेजी-आय ही कमांड असते. ती फाइल बसवते, पण तिला लागणारी बाकीची पॅकेजं आणत नाही, मग अर्धवट बसलेलं काम निस्तरायला आणखी एक कमांड. ती सोडून द्या.

आणि काम यशस्वी झाल्यावर शेवटी बऱ्याचदा एक ओळ येते: डाउनलोड सँडबॉक्सशिवाय रूट (मशीनचा मालक) म्हणून झालं, अमुक वापरकर्त्याला फाइलपर्यंत पोचता आलं नाही, 'परमिशन डिनाइड'. ही नुसती सूचना आहे, सॉफ्टवेअर बसलेलं असतं. पण 'डिनाइड' हा शब्द शेवटच्या ओळीत पाहून लोक सगळं काढून पुन्हा करतात. पानावर लिहून ठेवा: 'शेवटी अशी ओळ दिसली तरी घाबरू नका, झालंय.'

कमांड लिहिताना कशाची काळजी घ्यावी?

कमांडच्या आधी डॉलरचं चिन्ह घालू नका. तुम्हाला ते टर्मिनलची खूण म्हणून सवयीचं आहे. वाचक ते कॉपी करतो, आणि टर्मिनल म्हणतं 'डॉलर अशी कमांड सापडली नाही'. सरळ अवतरणचिन्हांची वळलेली अवतरणचिन्हं करणारा एडिटर वापरत असाल तर कमांडच्या चौकटीत ती सवय बंद करा. एका चौकटीत एकच कमांड.

'पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच दिसणार नाही, तरी टाइप करत राहा आणि एंटर दाबा' हे वाक्य लिहायला विसरू नका. मिंटवर तारे दिसतात, पण बऱ्याच ठिकाणी काहीच दिसत नाही आणि लोकांना वाटतं कीबोर्ड बिघडला. आपल्याकडे त्यात आणखी एक मेख: कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर पासवर्ड देवनागरीत जातो, आणि दिसत नसल्यामुळे ते कळतही नाही. 'कीबोर्ड इंग्रजीवर आहे ना?' हा प्रश्न मी आता पासवर्डच्या आधीच विचारते.

आणि ती इंटरनेटवरून स्क्रिप्ट ओढून थेट टर्मिनलला पाजणारी एका ओळीची कमांड? तिच्यामुळे पान सुटसुटीत दिसतं, कबूल. पण आपण एका हातानं लोकांना सांगतो अनोळखी दुव्यावर क्लिक करू नका, आणि दुसऱ्या हातानं सुडोसकट अशी ओळ देतो. निदान नवख्यांच्या पानावर मला ती नको वाटते.

आम्ही आमची स्वतःची रिपॉझिटरी देतो. अपडेट आपोआप मिळतात. ते पहिल्या क्रमांकावर ठेवावं ना?

रिपॉझिटरी म्हणजे सर्व्हरवरचं पॅकेजांचं भांडार, मशीन तिथून स्वतःच नवी आवृत्ती घेतं. अपडेट मिळतात हे खरंच मोठं सुख आहे. फायरफॉक्सची नेहमीची आवृत्तीही जानेवारी २०२४ पासून डेबियन-उबंटूसाठी त्यांच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून मिळते. पण तिथवर जायला चार-पाच कमांड, त्यात पॅकेज खरं आहे हे तपासायच्या किल्लीची फाइल. जमलं तर तुमच्या डेब फाइलनंच बसताना रिपॉझिटरी जोडून द्यावी, आणि तसं करते हे पानावर सांगावं.

हातानं ओळ घालायला लावत असाल तर मिंटवाल्यांचा विचार करा. पानावरची कमांड बहुधा मशीनला तिचं सांकेतिक नाव विचारते. मिंट २२ हे उबंटू २४.०४ वर उभं आहे, पण विचारलं तर ते स्वतःचं नाव सांगतं, विल्मा. तुमच्या सर्व्हरवर फोल्डर असतं 'नोबल', कारण उबंटू २४.०४ चं नाव ते. विल्मा तिथे कुणाला माहीत नाही, आणि येतो '४०४', म्हणजे 'सापडलं नाही'. ओएस-रिलीज फाइलमध्ये उबंटूचं मूळ नाव वेगळ्या ओळीत असतं, तिथून घ्या. किंवा मिंटसाठी तयार ओळ वेगळी छापा.

आमच्या मशीनवर चालतं, वाचकाच्या जुन्या उबंटूवर 'जीलिबसी सापडत नाही' असं येतं. पानावर काय लिहू?

पानावर किमान आवृत्ती लिहा: 'उबंटू २२.०४ किंवा नंतरचं, डेबियन १२ किंवा नंतरचं, मिंट २१ किंवा नंतरचं'. तिन्ही नावं लिहा, मिंटवाल्याला उबंटूचा आकडा ठाऊक नसतो.

पण खरं औषध पानावर नाही, बनवण्यात आहे. जीलिबसी ही लिनक्सवरच्या बहुतेक प्रोग्रामना लागणारी मूळ लायब्ररी. उबंटू २०.०४ मध्ये जीलिबसी २.३१ होती, २२.०४ मध्ये २.३५, २४.०४ मध्ये २.३९. नव्यावर बनवलेलं जुन्यावर सहसा चालत नाही, जुन्यावर बनवलेलं नव्यावर चालतं. ज्या सगळ्यांत जुन्या आवृत्तीला आधार द्यायचा तिच्यावर बनवा.

चेकसम आणि सही पानावर कुठे ठेवू? नवख्याला त्याचं काय?

वेगळ्या, मिटलेल्या भागात ठेवा. चेकसम म्हणजे उतरवलेली फाइल मूळ फाइलच आहे का हे ताडून पाहायची अक्षरं, आणि सही म्हणजे ती आपणच दिली याची खूण. मुख्य बटणाखाली चौसष्ट अक्षरांची रांग दिसली की माणसाला वाटतं हे भरायचं आहे. एकीनं ती लायसन्स की समजून वहीत उतरवून ठेवली होती.

पण काढून टाकू नका. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटची साइट फोडून १७.३ सिनेमनच्या आयएसओचा (इन्स्टॉल करायच्या डिस्कच्या फाइलचा) दुवा बदलला गेला आणि त्या दिवशी लोकांनी मागचं दार असलेली प्रत उतरवली. तेव्हापासून सगळ्यांना हा विषय पटला. एवढं ध्यानात ठेवा की चेकसम त्याच पानावर असेल तर पान फोडणारा तोही बदलू शकतो. सही वेगळ्या किल्लीनं केलेली असते, तिला म्हणून किंमत.

मोठी सॉफ्टवेअरं तरी हे नीट करतात का?

सगळीच नाही. लिबरऑफिसचं उदाहरण मराठी माणसाला जवळचं, कारण ते मराठीत आहे. त्यांच्या पानावर 'लिनक्स, डेब' निवडलं की एक डेब फाइल येत नाही, टारबॉल येतो, आणि तो उघडला की आत एका फोल्डरमध्ये कितीतरी डेब फाइली. कुठलीवर डबल-क्लिक करायचं? सगळ्या एकदम टर्मिनलमधून बसवायच्या असतात. मराठी मेन्यूसाठी भाषेचं पॅक वेगळं उतरवावं लागतं. ते काम करणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे, पण फोनवर कोणी विचारलं तर मी सांगते, 'तिकडे जाऊच नका, मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या. आवृत्ती थोडी जुनी असेल, पत्र लिहायला पुरे.'

हेच तुमच्याही पानाला लागू आहे. तुमचं सॉफ्टवेअर डेबियन-उबंटूच्या भांडारात आधीच असेल तर पहिली ओळ ती असू द्या, 'तिथली आवृत्ती अमुक, आमची ताजी तमुक' असं प्रामाणिकपणे लिहून. बहुतेकांना ताजी लागत नाही.

पान मराठीत करावं का? करताना तांत्रिक शब्दांचं काय?

करा. पण वाचकाच्या पडद्यावर जो शब्द आहे तोच पानावर हवा. त्याचा मेन्यू इंग्रजीत असेल आणि तुम्ही 'गुणधर्मांतील अनुमती कप्पा निवडा' असं लिहिलंत, तर तो कप्पा शोधत बसेल. आम्ही सुरुवातीला 'पॅकेज'चं 'संच' केलं होतं, 'टर्मिनल'चं काय केलं होतं ते सांगायचीही लाज वाटते. आता वाक्यं मराठी, बटणांची नावं जशी दिसतात तशी, आणि शेजारी पडद्याचा फोटो.

सॉफ्टवेअर काढून कसं टाकायचं हेही डाउनलोडच्या पानावर लिहायचं?

दोन ओळी लिहा. परत फिरता येतं हे कळलं की लोक निर्धास्तपणे बसवतात. ॲपइमेज असेल तर 'फाइल डिलीट करा' एवढंच.

पान जमलं की नाही हे कसं ओळखायचं?

ज्यानं कधी पॅकेज हा शब्द ऐकला नाही अशा माणसाला त्याच्या मशीनपुढे बसवा, पान उघडून द्या आणि शेजारी गप्प बसा. गप्प बसणं फार अवघड जातं. माउस कुठे थबकतो ते बघा, ओठ कुठल्या शब्दावर हलतात ते बघा. तुमचा हात माउसकडे गेला की चाचणी संपली.

मागच्या खेपेला मी शेजारच्या काकूंना बसवलं. आमचं पान नुकतंच नवं केलेलं, वर भलंमोठं हिरवं बटण, 'डाउनलोड'. काकूंनी ते पाहिलं, आणि सरळ खाली सरकल्या. खाली, आणखी खाली, पान संपेपर्यंत. मग म्हणाल्या, 'अगं, खरं बटण कुठंय?' गाणी-सिनेमाच्या साइटींवर असं मोठं हिरवं बटण म्हणजे जाहिरात, त्याला हात लावायचा नाही, हे त्यांना मुलानं बजावून सांगितलेलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बटणाचा हिरवा रंग काढला, ते अर्ध्यानं लहान केलं आणि त्यावर लिहिलं: 'लिनक्स मिंटसाठी फाइल उतरवा, २३ एमबी'.